पेन ड्राइव्हला कुलूप लावताना: घरच्या आणि संस्थेच्या कागदांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गोव्यातल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात कागदांची एक पिशवी असते. तीत जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा असतो, आजोबांच्या काळातला पोर्तुगीज भाषेतला दस्त असतो, वाटणीचे कागद, जन्मदाखले, बँकेची पुस्तके आणि कोणाचे तरी वैद्यकीय अहवाल असतात. गेल्या काही वर्षांत ही पिशवी स्कॅन होऊन पेन ड्राइव्हवर आली. वकिलाकडे, नोटरीकडे, मामलेदार कचेरीत किंवा झेरॉक्सच्या दुकानात जाताना आपण तो बोटाएवढा ड्राइव्ह खिशात टाकतो आणि सगळे घर खिशातून घेऊन फिरतो.

तीन वर्षांपूर्वी फोंड्याहून पणजीला जाताना माझ्या खिशातून असाच एक ड्राइव्ह बसमध्ये कुठेतरी पडला. त्यात कुळागराच्या वाटणीचे दस्त, आईचे तपासणी अहवाल आणि आमच्या देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे परंपरेने सभासद असलेल्यांची, नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक होते. मूळ कागद घरी असल्यामुळे माहिती गेली नाही, पण ती कोणाच्या हाती लागली हे मला आजही ठाऊक नाही. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की त्यातली निम्मी माहिती माझी नव्हती; ती दुसऱ्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिलेली होती. तो ड्राइव्ह कूटबद्ध केलेला असता, तर मी फक्त चारपाचशे रुपयांची वस्तू हरवली असती. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला हे काम शेजारी बसून शिकवत आलो आहे, आणि ज्यांच्या शेजारी बसता येत नाही त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

लपवणे, पासवर्ड लावणे आणि कूटबद्ध करणे

या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की माणूस निर्धास्त होतो आणि माहिती मात्र उघडीच राहते. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘हिडन’ हा पर्याय निवडला की फोल्डर दिसेनासा होतो. पण लपवलेल्या फाइल्स दाखवण्याची सोय फाइल एक्सप्लोररच्या खिडकीतच असते आणि ती शाळकरी मुलालाही माहीत असते. फोल्डरला पासवर्ड लावून देतो असे सांगणारे काही मोफत प्रोग्राम फक्त एक दार उभे करतात. त्यामागची माहिती जशीच्या तशी पडून असते, आणि तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला किंवा लिनक्सवर उघडला की ते दार आडवे येत नाही.

कूटबद्ध करणे, म्हणजे ज्याला आपण सर्रास एन्क्रिप्शन म्हणतो, त्यात माहितीच बदलून टाकली जाते. ड्राइव्हवर लिहिला जाणारा प्रत्येक अंश एका चावीच्या साहाय्याने गणिती रीतीने उलटापालटा केला जातो आणि ती चावी आपल्या पासवर्डच्या मागे ठेवली जाते. पासवर्डवाचून कोणी तो ड्राइव्ह कुठेही लावला तरी त्याला निरर्थक आकड्यांचा ढीग दिसतो. यासाठी आज जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे एईएस. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती रचली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली ती मानक म्हणून स्वीकारली. पुढे सांगितलेली विंडोजवरची तिन्ही साधने हीच पद्धत वापरतात. ती फोडण्याचा व्यवहार्य मार्ग आजवर कोणाला सापडलेला नाही, म्हणून चोर पद्धतीच्या वाटेला जात नाही. तो आपला पासवर्ड ओळखू पाहतो. याच कारणामुळे पासवर्ड विसरल्यास कंपनीला फोन करून तो परत मिळत नाही. ही गोष्ट कामाला लागण्यापूर्वी नीट मनात उतरू द्यावी.

पासवर्ड कच्चा असला म्हणजे काय होते याचे उदाहरण प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. आधारची जी पीडीएफ प्रत आपण उतरवून घेतो तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. हा नियम सर्वांना ठाऊक आहे, आणि आपले नाव व वय शेजारपाजारच्या प्रत्येकाला ठाऊक असते. ती फाइल पासवर्डाची आहे म्हणून सुरक्षित आहे असे समजून उघड्या पेन ड्राइव्हवर ठेवू नये. जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी आधारची झाकलेली प्रत वापरावी. तीही त्याच संकेतस्थळावरून मिळते.

सुरुवात नव्या, रिकाम्या ड्राइव्हपासून

पेन ड्राइव्हवरून फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी झाली, असे होत नाही. आतल्या फ्लॅश चिपचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहून पुसता येतो. म्हणून आतला नियंत्रक एकाच जागी पुन्हा पुन्हा न लिहिता लेखन सर्व कप्प्यांवर पसरवत राहतो. परिणामी जुन्या फाइलवर नवी फाइल लिहिली असे आपल्याला वाटले, तरी जुनीचे तुकडे चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात शिल्लक राहू शकतात आणि जाणकाराला ते बाहेर काढता येतात. जो ड्राइव्ह वर्षभर उघडा वापरला, तो आज कूटबद्ध केला तरी मागचे अवशेष पूर्णपणे गेले असे खात्रीने म्हणता येत नाही. यावर सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे या कामासाठी नवा ड्राइव्ह घ्यावा आणि त्यावर एकही खरा कागद ठेवण्यापूर्वी तो कूटबद्ध करावा.

ड्राइव्ह ओळखीच्या कंपनीचा, पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावा. फारच स्वस्तात मिळणारे मोठ्या क्षमतेचे ड्राइव्ह कधी कधी खोटे असतात. संगणकाला ते दोन टेराबाइट सांगतात, पण आत चिप लहानशी असते आणि ती भरली की नंतरच्या फाइल्स शून्यात जातात. घरच्या कागदांना फार जागा लागत नाही. साध्या स्कॅनचे एक पान साधारण एक मेगाबाइट धरले, तर ३२ गिगाबाइटच्या ड्राइव्हवर हजारो पाने मावतात.

पासवर्ड कसा निवडावा

या भागावर मी मुद्दाम वेळ घालवतो, कारण ड्राइव्ह हरवल्यावर आपल्या आणि चोराच्या मध्ये फक्त पासवर्ड उभा असतो. ड्राइव्ह त्याच्या हातात असतो, त्यामुळे तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद करणारी बँक इथे मदतीला येत नाही. तो प्रोग्रामला जुंपून रात्रंदिवस पासवर्ड घालून बघू शकतो. मुलाचे नाव आणि जन्मवर्ष, ग्रामदैवताचे नाव, गाडीचा क्रमांक, मोबाइलचा क्रमांक हे सारे तो प्रोग्राम सर्वांत आधी घालून बघतो.

एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द एकापुढे एक ठेवणे ही रीत मला सर्वांत पसंत आहे. इंग्रजीत यासाठी ७,७७६ शब्दांच्या याद्या मिळतात. पाच वेळा फासा टाकायचा आणि येणाऱ्या आकड्यांवरून एक शब्द घ्यायचा. शब्द आपण मनाने निवडला की तो आपल्या आयुष्यातूनच येतो, म्हणून फासा. मराठीत अशी यादी हाताशी नसेल, तर घरातला जाड शब्दकोश घ्यावा आणि फाशाच्या किंवा चिठ्ठ्यांच्या आकड्यांवरून पान व ओळ ठरवून शब्द काढावेत. समजा तिरफळ, खिडकी, सुतार, पंचेचाळीस, वहाण असे शब्द आले, तर ते त्याच क्रमाने रोमन अक्षरांत लिहावेत. हे पाच शब्द आता छापले गेले असल्यामुळे ते मात्र वापरू नयेत. एखाद्या प्रसिद्ध अभंगाची किंवा आरतीची ओळही घेऊ नये. जी सर्वांना पाठ आहे ती यादीत असणारच.

मराठी माणसाला इथे एक वेगळीच अडचण येते. ‘व’ साठी व्ही लिहावा की डब्ल्यू, दीर्घ ‘आ’ साठी एक ए की दोन, ‘खिडकी’च्या मध्ये ए घालावा की नाही, हे आपण दर वेळी वेगळे करतो आणि संगणकाला एका अक्षराचाही फरक चालत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक शब्दाचे रोमन लेखन ठरवून कागदावर लिहावे आणि तो कागद पाहून पाचसहा वेळा टंकून बोटांना सवय लावावी. पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळावा. ज्या संगणकावर मराठी कळफलक नाही तिथे तो ड्राइव्ह उघडणार नाही.

कोणते साधन घ्यावे

हे आपल्या संगणकावर अवलंबून आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ आणि त्याखालच्या ‘अबाउट’ या पानावर ‘एडिशन’ या शब्दापुढे प्रो, एन्टरप्राइझ, एज्युकेशन किंवा होम असे लिहिलेले दिसते. पहिल्या तिन्हींपैकी एक असेल, तर बिटलॉकर हे विंडोजचे स्वतःचे कूटबद्ध करण्याचे साधन आधीच आत आहे. होम असेल, तर नवा ड्राइव्ह बिटलॉकरने कूटबद्ध करता येत नाही. पण आधी कूटबद्ध झालेला ड्राइव्ह होमवरही पासवर्ड देऊन उघडता येतो, त्यात लिहिताही येते. त्यामुळे भावाच्या किंवा मैत्रिणीच्या विश्वासाच्या संगणकावर प्रो आवृत्ती असेल, तर एकदाच तिथे बसून काम उरकावे आणि पुढे घरच्या होम आवृत्तीवर तो वापरावा. काही होम आवृत्त्यांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असा पर्याय दिसतो. तो संगणकाच्या आतल्या डिस्कसाठी आहे, पेन ड्राइव्हला तो लागू होत नाही. प्रो आवृत्तीचा संगणक जवळपास नसेल तर पुढे सांगितलेले व्हेराक्रिप्ट घ्यावे.

बिटलॉकरने ड्राइव्ह कूटबद्ध करणे

पेन ड्राइव्हसाठीचे बिटलॉकर विंडोज सातपासून, म्हणजे २००९ पासून उपलब्ध आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस असल्याखेरीज मेघगर्जनेच्या संध्याकाळी हे काम काढू नये.

ड्राइव्ह लावावा आणि ‘धिस पीसी’ उघडून त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबावी. ‘टर्न ऑन बिटलॉकर’ हा पर्याय लगेच दिसला नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबून पाहावे, किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरचे पान उघडावे. आपण योग्य ड्राइव्ह निवडला आहे ना, हे त्याच्या नावावरून आणि क्षमतेवरून पुन्हा एकदा पडताळावे. पुढच्या खिडकीत पासवर्डने उघडण्याच्या पर्यायापुढे खूण करावी आणि ठरवलेला पासवर्ड दोनदा टंकावा. आठ अक्षरांहून लहान पासवर्ड बिटलॉकर घेत नाही, पण आठ अक्षरांवर थांबणे पुरेसे नाही.

यानंतर ‘रिकव्हरी की’ कुठे ठेवावी असे विचारले जाते. ही ४८ आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत लिहिलेली चावी पासवर्ड विसरल्यास एकमेव आधार असते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, फाइलमध्ये किंवा छापून ठेवता येते. मी छापणे आणि फाइल हे दोन्ही निवडतो. खात्यात ठेवणे सोयीचे आहे, पण मग आपल्या चावीची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि ते खाते जितके सुरक्षित तितकाच आपला ड्राइव्ह सुरक्षित. ज्यांना हे चालते त्यांनी खात्याला दुहेरी पडताळणी लावून मगच ते करावे. छापलेल्या कागदावर ओळखीचा एक क्रमांकही असतो. ड्राइव्ह उघडताना पडद्यावर तोच दिसतो आणि दोनतीन ड्राइव्ह असतील तेव्हा कोणती चावी कोणाची हे त्यावरून कळते. कागदावर हाताने ‘घरचे कागद, काळा ड्राइव्ह’ असे साधे लिहून ठेवले की पुढे शोधाशोध होत नाही.

पुढचा प्रश्न फक्त वापरलेली जागा कूटबद्ध करावी की संपूर्ण ड्राइव्ह. कोऱ्या ड्राइव्हसाठी पहिला पर्याय पुरतो आणि काही मिनिटांत संपतो. ड्राइव्ह आधी वापरलेला असेल, तर दुसराच निवडावा. मोठ्या आणि संथ ड्राइव्हला त्यात तासाभराहूनही अधिक वेळ लागू शकतो. त्यानंतरच्या खिडकीत ‘न्यू’ आणि ‘कम्पॅटिबल’ अशा दोन पद्धती दिसतात. नवी पद्धत विंडोज दहाच्या नोव्हेंबर २०१५ मधल्या आवृत्तीपासून आली आणि त्याआधीच्या विंडोजवर ती उघडत नाही. फिरता ड्राइव्ह कधी जुन्या संगणकाला लावावा लागेल हे सांगता येत नाही, म्हणून ‘कम्पॅटिबल’ निवडावी. शेवटी ‘स्टार्ट एन्क्रिप्टिंग’ दाबावे आणि काम पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत ड्राइव्हला हात लावू नये. मध्येच काढणे अगदी भाग पडले, तर आधी ‘पॉज’ दाबावे; तसाच ओढून काढला तर फाइल्स खराब होऊ शकतात.

आता एक पायरी अशी, जी जवळजवळ सगळेजण गाळतात. ड्राइव्हवर एखादी किरकोळ फाइल ठेवावी, ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढावा, परत लावावा आणि पासवर्डने उघडून पाहावा. मग पुन्हा काढून लावावा आणि या वेळी ‘मोअर ऑप्शन्स’मधून ४८ आकडी चावी कागदावरून टंकून उघडून पाहावा. दोन्ही रीतींनी ड्राइव्ह उघडला, तरच त्यावर खरे कागद ठेवावेत. छापताना कडेचे आकडे कापले गेले आहेत हे त्याच दिवशी कळलेले बरे.

होम आवृत्तीवर व्हेराक्रिप्ट

व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. ते २०१३ मध्ये ट्रूक्रिप्ट या जुन्या प्रोग्रामवरून तयार झाले. ट्रूक्रिप्टचे काम त्याच्या निर्मात्यांनी मे २०१४ मध्ये थांबवले, त्यामुळे कोणी आजही तेच वापरण्याचा सल्ला देत असेल तर तो घेऊ नये. व्हेराक्रिप्ट त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. मोफत प्रोग्रामांचा साठा करणाऱ्या दुसऱ्या जागांवरून घेऊ नये.

या साधनाने दोन प्रकारे काम करता येते: संपूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध करता येतो, किंवा ड्राइव्हवर एक मोठी फाइल करून तिचाच कुलूपबंद पेटीसारखा उपयोग करता येतो. नवख्या माणसाने पेटीचाच मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे. संपूर्ण ड्राइव्ह व्हेराक्रिप्टने कूटबद्ध केला की विंडोजला तो ओळखता येत नाही, आणि लावताक्षणी ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल’ असा संदेश येतो. घरातल्या कोणी भाबडेपणाने होकार दिला की सगळे कागद गेले.

पेटी करण्यापूर्वी ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ प्रकारात फॉरमॅट करावा. बाजारातून आलेले लहान ड्राइव्ह बहुधा ‘फॅट ३२’ प्रकारचे असतात आणि त्यावर चार गिगाबाइटची एक फाइल मावत नाही. मग व्हेराक्रिप्टमध्ये ‘क्रिएट व्हॉल्यूम’ दाबून फाइलमधल्या पेटीचा पहिला पर्याय आणि त्यानंतर ‘स्टँडर्ड’ निवडावा. पेटीची फाइल पेन ड्राइव्हवर कुठे ठेवायची ते दाखवून तिला नाव द्यावे. कूटपद्धतीच्या खिडकीत एईएस आधीच निवडलेले असते, ते तसेच राहू द्यावे. आकार नीट विचार करून द्यावा, कारण पेटी पुढे सहज वाढवता येत नाही. ३२ गिगाबाइटच्या ड्राइव्हवर २० ची पेटी केली, तर उघड्या कामासाठीही थोडी जागा उरते. पासवर्ड दिल्यावर एक खिडकी माउस इकडेतिकडे फिरवायला सांगते. ती गंमत नाही. हाताच्या अनियमित हालचालीतून चावीसाठी लागणारे यादृच्छिक आकडे गोळा होतात, म्हणून खालची पट्टी भरेपर्यंत माउस फिरवत राहावा आणि मग ‘फॉरमॅट’ दाबावे.

पेटी उघडताना यादीतले एखादे रिकामे अक्षर निवडावे, ‘सिलेक्ट फाइल’ने पेटी दाखवावी आणि ‘माउंट’ दाबून पासवर्ड द्यावा. ‘धिस पीसी’मध्ये नवा ड्राइव्ह दिसू लागतो आणि त्यात नेहमीसारख्या फाइल्स ठेवता येतात. काम झाल्यावर ‘डिसमाउंट’ किंवा नव्या आवृत्तीत ‘अनमाउंट’ दाबावे आणि त्यानंतरच पेन ड्राइव्ह काढावा. व्हेराक्रिप्टमध्ये बिटलॉकरसारखी दुसरी चावी नसते. पासवर्ड गेला की पेटी गेली. मॅकवर ते चालवण्यासाठी आणखी एक सहायक प्रोग्राम लागतो, आणि परक्या विंडोज संगणकावर ते चालवण्यासाठी व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, जे कचेरीतल्या किंवा महाविद्यालयातल्या संगणकावर आपल्याला बहुधा मिळत नाहीत.

मॅक, लिनक्स आणि एक-दोन फाइल्सचा प्रश्न

फक्त मॅक वापरणाऱ्यांनी ‘डिस्क युटिलिटी’त ड्राइव्ह निवडून ‘इरेज’ दाबावे आणि कूटबद्ध एपीएफएस प्रकार निवडावा. लिनक्सवर ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये फॉरमॅट करताना पासवर्डचा पर्याय मिळतो, त्यामागे ‘लक्स’ ही यंत्रणा असते. दोन्हींत ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते आणि दोन्ही प्रकार विंडोजवर जसेच्या तसे उघडत नाहीत.

एकदोनच फाइल्स कोणाला द्यायच्या असतील, तर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम पुरतो. फाइलवर उजवी कळ, ‘अ‍ॅड टु आर्काइव्ह’, सेव्हन-झेड प्रकार, पासवर्ड आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण, एवढेच करावे. नावे झाकण्याची खूण विसरू नये. ‘वाटणीपत्र’ किंवा ‘कर्करोग अहवाल’ हे फाइलचे नावच बरेच काही सांगून जाते. झिप प्रकारातली ‘झिपक्रिप्टो’ ही जुनी पद्धत कच्ची आहे. तिच्यावरचा हल्ला १९९४ सालीच प्रसिद्ध झाला होता.

काही पेन ड्राइव्ह स्वतःच आकड्यांच्या बटणांसह किंवा आतल्या चिपमध्ये कूटबद्ध करण्याची सोय घेऊन येतात. ते महाग असतात आणि नावाजलेल्या ड्राइव्हमध्येही दोष निघाले आहेत. २०१० च्या सुरुवातीला जर्मनीतल्या तपासनिसांनी दाखवून दिले, की सरकारी प्रमाणपत्र असलेल्या काही ड्राइव्हमध्ये पासवर्ड संगणकावरचा प्रोग्राम तपासत होता आणि ड्राइव्हला दर वेळी एकच ठरलेला ‘उघड’ संकेत पाठवत होता. घरगुती कामासाठी असा खर्च करण्याची मला गरज वाटत नाही.

चावी कुठे ठेवावी

छापलेली चावी ड्राइव्हच्या डबीत किंवा लॅपटॉपच्या पिशवीत ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली तिथेच टांगणे. एक प्रत घरातल्या कपाटात आणि दुसरी वेगळ्या घरी, म्हणजे बहिणीकडे किंवा आईवडिलांच्या जुन्या घरी, बंद पाकिटात ठेवावी. नुसता तो कागद कोणाच्या हाती लागला तरी ड्राइव्हवाचून त्याचा काही उपयोग नसतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात साध्या इंकजेटची शाई ओलीने पसरते आणि कागदाला वाळवी लागते. म्हणून चावी लेझर प्रिंटरवर छापावी, शक्य असल्यास लॅमिनेट करावी आणि प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात ठेवावी. आकडे हाताने उतरवले असतील, तर एक आणि सात, तीन आणि आठ हे स्वच्छ वेगळे दिसतील असे लिहावेत.

ही चावी आपल्यानंतर कोणाला सापडणार आहे, याचाही विचार त्याच दिवशी करावा. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. कागद दोघांचे आहेत, म्हणून चावी कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. देवस्थान, ग्रंथालय, भजनी मंडळ किंवा नाट्यसंस्था यांच्या ड्राइव्हची चावी बंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव या दोघांकडे असावी. समिती बदलली की पाकीट नव्या माणसांकडे जावे आणि पासवर्डही बदलावा. बिटलॉकरमध्ये ‘मॅनेज बिटलॉकर’मधून तो बदलता येतो, सगळा ड्राइव्ह पुन्हा कूटबद्ध करावा लागत नाही. जुनी ४८ आकडी चावी मात्र पासवर्डबरोबर बदलत नाही, म्हणून जाणाऱ्या समितीकडून पाकीट परत घेणे महत्त्वाचे.

झेरॉक्सच्या दुकानात

आपल्या बहुतेक पेन ड्राइव्हचा खरा प्रवास घर ते झेरॉक्सचे दुकान असा असतो, आणि कूटबद्ध ड्राइव्ह तिथेच सर्वांत अडचणीचा ठरतो. ड्राइव्ह थेट लावून छपाई करणारी यंत्रे तो ओळखत नाहीत. संगणकावर तो उघडायचा तर दुकानातल्या कळफलकावर पासवर्ड टंकावा लागतो, आणि दिवसभर शेकडो ड्राइव्ह लागणाऱ्या संगणकावर कळा टिपून ठेवणारा प्रोग्राम शिरलेला असू शकतो. दुकानदार कितीही सज्जन असला तरी त्याला हे कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय एकदा उघडला की संपूर्ण ड्राइव्ह त्या संगणकाला वाचता येतो, छापायचे पान एकच असले तरी.

म्हणून दोन ड्राइव्ह ठेवावेत. कूटबद्ध ड्राइव्ह फक्त घरच्या आणि खात्रीच्या संगणकालाच लावावा. दुसरा लहानसा, उघडा ड्राइव्ह छपाईसाठी असावा आणि त्यावर त्या दिवशी छापायचे तेवढेच पान घरून उतरवून न्यावे. परतल्यावर तो आधी विषाणूंसाठी तपासावा, मग फॉरमॅट करावा. वर सांगितल्याप्रमाणे पुसलेल्याचे अवशेष त्यावर राहू शकतात, त्यामुळे तो कोणाला देऊन टाकू नये आणि खरोखर नाजूक कागद, म्हणजे वैद्यकीय अहवाल किंवा दुसऱ्यांच्या नावांच्या याद्या, घरच्या प्रिंटरवरच छापावेत.

कूटबद्ध करणे आणि जपून ठेवणे ही दोन वेगळी कामे

कुलूप लावल्याने कागद टिकत नाहीत. पेन ड्राइव्ह खाऱ्या दमट हवेत गंजतो, कपड्यांबरोबर धुतला जातो, आणि वर्षानुवर्षे खणात पडून राहिल्यास फ्लॅशमधला विद्युतभारही हळूहळू ओसरतो. कूटबद्ध ड्राइव्ह बिघडल्यास त्यातून काही परत मिळवणे साध्या ड्राइव्हपेक्षा अवघड असते. त्यामुळे त्याच कागदांची आणखी एक प्रत, तितकीच कूटबद्ध, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि शक्य असल्यास ती दुसऱ्या घरी असावी. मी दरवर्षी चवथीच्या आधी, घराची साफसफाई चालू असताना, कूटबद्ध पेन ड्राइव्ह आणि ही हार्ड डिस्क दोन्ही लावून पाहतो, पासवर्ड आणि चावी दोन्हींनी उघडून बघतो आणि वर्षभरातले नवे कागद त्यात घालतो.

सामाईक संगणकावर ‘ऑटो-अनलॉक’ चालू करू नये. तसे केले की तो संगणक ज्याच्या हाती, त्याच्यासाठी ड्राइव्ह उघडाच. ड्राइव्ह उघडा असताना संगणक सोडून जेवायलाही जाऊ नये, आधी ‘इजेक्ट’ करावा. पेटीतल्या किंवा आर्काइव्हमधल्या फाइलवर थेट दोनदा टिचकी मारून ती उघडली की तिची तात्पुरती प्रत कधी कधी संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर राहते, हेही ध्यानात असावे. आणि रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह मालक शोधण्याच्या चांगल्या हेतूनेही आपल्या संगणकाला लावू नये.

ड्राइव्ह जुना झाला, अडखळू लागला, की नवा ड्राइव्ह वरच्याच क्रमाने तयार करून त्यावर सारे उतरवून घ्यावे, उतरलेल्या फाइल्स उघडून पाहाव्यात आणि मगच जुना निकालात काढावा. जो पहिल्या दिवसापासून कूटबद्ध होता तो फॉरमॅट करून ई-कचऱ्यात देता येतो. जो कधीतरी उघडा वापरला होता त्याचे प्लॅस्टिकचे कवच उघडावे, आतल्या हिरव्या पट्टीवरची काळी चौकोनी चिप पक्कडीने धरून तिचे तुकडे करावेत आणि मग ते ई-कचऱ्यात टाकावेत. तोडताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तुकडे उडतात.